बंदोबस्तात कॅमेरा: अडवण्याआधी, अडवल्यावर आणि नंतर

फाटकावर उभा असलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. ‘हो’ म्हणायचा अधिकार बहुधा त्याच्याकडे नसतो. वृत्तछायाचित्रकार आणि सुरक्षा कर्मचारी यांच्यातले बरेचसे वाद एवढी एकच गोष्ट विसरल्यामुळे चिघळतात. ज्याच्या हातात निर्णयच नाही त्याच्याशी पंधरा मिनिटं हुज्जत घातली जाते, आणि ज्याच्याकडे निर्णय आहे तो पन्नास फुटांवर उभा असतो. खाली दिलेला क्रम हा ‘हो’ म्हणू शकणाऱ्या माणसापर्यंत वेळेत पोचण्याचा क्रम आहे. तो उलटा केला, म्हणजे आधी वाद आणि मग फोनाफोनी, तर फोटोही जातो आणि पुढच्या वेळची ओळखही.

टप्पा १: जागा कोणाची, गणवेश कोणाचा

नेमणूक हातात आली की पहिला प्रश्न हाच. पुण्यात एका दिवसात पाच वेगळ्या गणवेशांशी गाठ पडू शकते आणि प्रत्येकाचे अधिकार वेगळे.

खासगी सुरक्षा रक्षक (सोसायटी, मॉल, आयटी पार्क, कार्यक्रमातले बाउन्सर): त्यांच्याकडे पोलिसांचे अधिकार नाहीत. मालकाच्या वतीने ते तुम्हाला आवाराबाहेर जायला सांगू शकतात आणि तिथं तुम्ही गेलंच पाहिजे. झडती घेणं, कॅमेरा काढून घेणं, फोटो पुसायला लावणं त्यांच्या कामात बसत नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्यानुसार त्यांच्याकडे छायाचित्र असलेलं ओळखपत्र असावं लागतं. ते शांतपणे मागता येतं. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर कोणाही नागरिकाप्रमाणे ते माणसाला धरू शकतात, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढणं हा असा गुन्हा नव्हे.

पोलीस: यांच्यात पुन्हा हद्दीचा घोळ. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी दलं आहेत. आषाढी पालखीचंच घ्या. आळंदीचं प्रस्थान पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत, नाना पेठ-भवानी पेठेतला मुक्काम पुणे शहराच्या, आणि दिवेघाट चढून सासवडला पोचलात की ग्रामीण पोलीस. पुणे शहराच्या विशेष शाखेचा पास सासवडला दाखवून कोणी ‘हे काय आहे?’ म्हणालं तर त्याचं काही चुकलेलं नाही.

रेल्वे स्थानकावर रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस, दोघं वेगळे. परवानगीसाठी पुणे विभागाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडे जायचं. लोहगाव विमानतळाच्या प्रवासी टर्मिनलमध्ये सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) असतं, पण धावपट्टी हवाई दलाच्या तळाची आहे. त्यामुळे टर्मिनलच्या काचेतून विमानाचा फोटो हा ‘विमानतळावरचा साधा फोटो’ राहत नाही. काही शासकीय आवारांत महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान दिसतील. तिथं निर्णय त्या संस्थेच्या प्रमुखाचा असतो. ससून रुग्णालयासारख्या ठिकाणी अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून होकार आला नसेल तर जवानाशी बोलून वेळच जाईल.

लष्करी जागा हा पूर्णपणे वेगळा प्रकार. खडकी, देहूरोड आणि पुणे छावणीचे भाग, खडकवासल्याची प्रबोधिनी, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, दारूगोळा कारखाना: इथं १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम डोक्यावर असतो. परवानगीची वाट संरक्षण खात्याच्या पुण्यातल्या जनसंपर्क अधिकाऱ्यामार्फत जाते, दुसरी कुठूनही नाही.

> तपासा: घटनास्थळ कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे, ठाण्याचा दूरध्वनी आणि त्या परिमंडळाच्या उपायुक्तांचं कार्यालय, हे तीनही निघण्याआधी कागदावर. मोबाइलवर नव्हे, मोबाइल ताब्यात जाऊ शकतो.

टप्पा २: कागद

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो, म्हणून जरा सविस्तर.

अधिस्वीकृती पत्रिका म्हणजे प्रवेशपत्र नव्हे. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाने तुम्हाला पत्रकार म्हणून मानलं, एवढंच ती सांगते. बॅरिकेडच्या आत घेण्याचा हक्क तिच्यातून आपोआप मिळत नाही. दुचाकीवरच्या ‘प्रेस’ स्टिकरचं तर बोलायलाच नको. बंदोबस्तातल्या हवालदाराला असे स्टिकर दिवसातून शंभर दिसतात.

सोबत ठेवायचं ते असं. कार्यालयाचं ओळखपत्र, मुदत न संपलेलं. आधारची छायाप्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, कारण ऐनवेळी पास करायची वेळ आली तर झेरॉक्सच्या दुकानापर्यंत धावायला वेळ नसतो. आणि कार्यालयाच्या लेटरहेडवरचं नेमणुकीचं पत्र. हे पत्र जवळजवळ कोणी घेऊन जात नाही, आणि अडकल्यावर तेच सर्वांत उपयोगी पडतं. त्यावर तारीख, कार्यक्रमाचं नाव, तुमचं नाव, संपादकीय विभागातल्या एका जबाबदार माणसाचा क्रमांक आणि तुमच्याजवळच्या प्रत्येक बॉडीचा (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा) व लेन्सचा अनुक्रमांक. अनुक्रमांकांची हीच यादी पुढे जप्ती पंचनाम्यात, नुकसानीच्या तक्रारीत आणि विमा दाव्यात लागते.

अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा असेल तर पासासाठी नावं जिल्हा माहिती कार्यालयामार्फत जातात आणि पोलिसांची विशेष शाखा पडताळणी करते. नाव आधारवर जसं आहे तसंच द्या. बायलाइनमध्ये, म्हणजे फोटोखालच्या नावात, तुम्ही ‘बाळासाहेब’ असाल आणि आधारवर ‘ज्ञानदेव’, तर गेटवरच्या यादीत बाळासाहेब सापडणार नाहीत. पास दुसऱ्याला वापरायला देऊ नका. एकदा पकडलं गेलं की पुढच्या दौऱ्याच्या यादीत तुमच्या संस्थेच्या नावावर खूण बसते.

> सावधान: आंदोलनाच्या आधी जमावबंदीचा आदेश निघाला आहे का ते पाहा. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली असतो. आदेशाची प्रत मिळवा आणि त्यात छायाचित्रणाबद्दल किंवा ड्रोनबद्दल काही लिहिलंय का ते वाचा. ‘१४४ लागू आहे’ असं आजही सगळे म्हणतात, पण तो जुना क्रमांक १ जुलै २०२४ पासून गेला.

ड्रोनबद्दल थोडक्यात. लोहगाव आणि लष्करी जागांमुळे शहराच्या आकाशाचा मोठा भाग निर्बंधांत येतो. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर जागा पाहिल्याशिवाय, आणि पोलिसांचा त्या दिवसाचा आदेश वाचल्याशिवाय, ड्रोन पेटीतून बाहेर काढू नका. अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तरीही.

टप्पा ३: बॅग

बॅग तपासणाऱ्याला जे ओळखता येत नाही ते त्याला धोकादायक वाटतं. म्हणून मल्टिटूल, ट्रायपॉडची पाना-पेचकसाची पिशवी, गॅसचा डबा असलेला ब्लोअर हे कार्यालयात ठेवून या. हवेचा रबरी ब्लोअर चालतो. बॅटऱ्या सुट्या टाकू नका, डबीत ठेवा आणि प्रत्येक बॉडीत किमान एक चार्ज झालेली असू द्या. तपासणीत ‘चालू करून दाखवा’ म्हणतात, आणि बंद पडलेला कॅमेरा हा त्यांच्या लेखी न तपासलेला कॅमेरा.

मेमरी कार्डांची मांडणी आदल्या रात्री करा. दोन स्लॉट असलेल्या बॉडीत ‘बॅकअप’ निवडा, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन्ही कार्डांवर जाते. बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्यात ‘ओव्हरफ्लो’ तसाच राहिलेला असतो. त्यात दुसरं कार्ड पहिलं भरेपर्यंत रिकामं असतं, आणि ते कळतं पहिलं कार्ड गेल्यावर. एक मोठं कार्ड नेण्यापेक्षा ६४ जीबीची तीन-चार बरी. गेलं तर दिवसाचा एक तुकडा जातो.

कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवा. पुढे ‘हा फोटो लाठीमाराच्या आधीचा की नंतरचा’ असा प्रश्न आला तर उत्तर फाइलमध्येच असतं. ते घड्याळ अकरा मिनिटं पुढे असेल तर तुमचाच पुरावा तुमच्या विरोधात बोलतो. मोबाइलला बोटाच्या ठशाऐवजी किंवा चेहऱ्याऐवजी अंकी कुलूप ठेवा.

टप्पा ४: पोचणं आणि तपासणी

व्हीआयपी कार्यक्रमात घातपातविरोधी तपासणी होते. बॉम्बशोधक पथक येतं, सगळ्यांच्या बॅगा एका ओळीत ठेवायला लावतात, मग श्वान फिरतं. क्रम असा: बॅगेच्या सगळ्या चेन उघडा, लेन्सची मागची-पुढची झाकणं काढा, बॉडी आणि लेन्स शेजारी मांडा, चार पावलं मागे व्हा. श्वान फिरत असताना पुढे वाकून ‘जरा ही लेन्स सरकवतो’ करू नका. तपासणी संपल्यावर त्या वर्तुळाबाहेर चहाला गेलात तर परत आल्यावर सगळं पहिल्यापासून, आणि तोवर दार बंद झालेलं असू शकतं.

व्यासपीठासमोरची मोकळी पट्टी, जिला बंदोबस्तात ‘डी’ म्हणतात, तिथं आपण होऊन पाऊल टाकायचं नाही. माध्यमांच्या मचाणावरून ७०-२०० मिमीची लेन्स अपुरी पडते हे आधीच धरून चाला. तिथून ४०० मिमीची लागते किंवा लेन्सचा पल्ला वाढवणारा टेलिकन्व्हर्टर तरी.

उंच इमारतीवरून फोटो हवा असेल तर मालकाची परवानगी पुरत नाही. मोठ्या बंदोबस्तात छतांवरही माणसं असतात. अनोळखी गच्चीवरून लांब काळी नळी रस्त्याकडे वळलेली दिसली की काय वाटेल, ते सांगायला नको. ठाण्याला आदल्या दिवशी कळवा आणि इमारतीचं नाव व मजला लिहून द्या.

गणपती विसर्जनात गोष्ट निराळी. लक्ष्मी रस्त्यावर बेलबाग चौक ते अलका चौक या पट्ट्यात तुम्हाला सगळ्यात जास्त अडवणारे पोलीस नसतात, मंडळांचे आणि ढोल-ताशा पथकांचे दोर धरणारे कार्यकर्ते असतात. त्यांच्याकडे कायद्याचा अधिकार नाही, पण दोराच्या आतली शिस्त त्यांची. पथकप्रमुखाला सुरुवातीलाच भेटा, कोणत्या आवर्तनात आत यायचं ते ठरवा आणि टिपरूच्या (ढोल वाजवायच्या काठीच्या) कक्षेबाहेर राहा. दोर उचलून आत घुसणाऱ्याला पहिला धक्का मागून बसतो.

टप्पा ५: अडवलं

इथं पहिली तीस सेकंदं महत्त्वाची. क्रम पाठ करा.

१. कॅमेरा डोळ्यावरून खाली, पट्ट्यावर लटकता. बंद करू नका, झाकू नका, पाठीमागे लपवू नका.

२. वाटेतून दोन पावलं बाजूला. तुम्ही रस्त्यात उभे असाल तर संभाषण ‘हटा’ पासून सुरू होतं.

३. ओळख आणि लगेच जागेचा प्रश्न. शब्द साधारण असे:

‘साहेब, मी अमुक दैनिकाचा फोटोग्राफर. हे कार्ड, हे नेमणुकीचं पत्र. कुठं उभा राहिलो तर तुमच्या कामाला अडचण होणार नाही?’

‘इथं फोटो काढू शकतो का?’ असं विचारू नका. त्याचं सोपं उत्तर ‘नाही’ आहे. ‘कुठं उभा राहू?’ याला उत्तर म्हणून जागा सांगावी लागते.

४. तरीही नकार आला तर: ‘ठीक आहे साहेब. या पॉइंटला वरिष्ठ कोण आहेत? त्यांना वॉकीटॉकीवर विचारता का, की मी जाऊन भेटू?’ इथं त्याचा नकार तुम्ही मान्य केलेला असतो, त्यामुळे त्याची अडचण सुटते. वर ढकलणं त्यालाही सोयीचं असतं.

५. दरम्यान एक फोन कार्यालयाला. पोलीस अधिकाऱ्याशी बोलण्याचं काम डेस्कने, म्हणजे कार्यालयातल्या संपादकीय माणसांनी करायचं. तुम्ही एकाच वेळी हवालदाराशी आणि त्याच्या उपायुक्तांशी फोनवर बोलू लागलात तर त्याला ती धमकी वाटते.

६. पाच मिनिटं. तेवढ्यात सुटलं नाही तर दुसरा कोन शोधा. पाचव्या मिनिटानंतर परवानगी मिळालीच, तरी तोवर सहसा प्रसंग संपलेलाच असतो.

संबोधनाचं थोडं. पोलिसांना ‘साहेब’, ‘मॅडम’. शिपाई असो की निरीक्षक, फरक करू नका. ‘मामा’ म्हणू नका, पुण्यात त्याचा अर्थ दोघांनाही माहीत असतो. सोसायटीच्या रक्षकाला ‘काका’ किंवा ‘दादा’ चालतं. ‘मला ओळखत नाही का?’ आणि ‘तुमच्या साहेबांना फोन लावू का?’ ही दोन वाक्यं शब्दकोशातून काढून टाका. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असतं. दुसऱ्याचं ‘लावा’ असतं.

> सावधान: हात लावू नका. अधिकाऱ्याचा दंड बाजूला सारणं, त्याच्या छातीसमोर लेन्स ढकलणं, त्याने धरलेला पट्टा हिसकावणं, यातून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर) लागू शकतं. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पट्टा धरला तर हात वर करा आणि मोठ्याने, स्पष्ट सांगा: ‘साहेब, मी विरोध करत नाही.’

चित्रीकरण करायचं तर ते सहकाऱ्याने सात-आठ फुटांवरून करावं. तोंडासमोर एक फुटावर धरलेला मोबाइल संवाद संपवतो. पोलिसांचा वाजवी आदेश, म्हणजे मागे व्हा, फुटपाथवर जा, हा पाळावाच लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार न पाळणाऱ्याला ते हटवू किंवा ताब्यात घेऊ शकतात. आदेश चुकीचा वाटला तरी आधी पाळा, वेळ आणि शब्द लिहून ठेवा, मग दाद मागा.

लष्करी फाटकावर वरचं सगळं बाजूला. तिथं चर्चा नाही. कॅमेरा खाली, दोन्ही हात दिसतील असे, जागेवर थांबा, ‘अधिकाऱ्यांना बोलवा’ एवढंच म्हणा. चालत निघून जाऊ नका, पाठ फिरवू नका.

टप्पा ६: ‘फोटो डिलीट कर’

सर्वांत जास्त चुका याच क्षणी होतात, आणि भीतीपोटी होतात.

जागेवर फोटो पुसायला लावण्याचा अधिकार खासगी रक्षकाला नाही आणि पोलिसालाही तसा कोणत्या कलमाने दिलेला नाही. फोटो गुन्ह्याशी संबंधित आहे असं पोलिसांना वाटत असेल तर तो पुरावा ठरतो, आणि पुरावा जप्त करतात, पुसत नाहीत. हे भांडणाच्या सुरात सांगायचं नाही. असं सांगा: ‘साहेब, आक्षेप असेल तर कार्ड पंचनामा करून घ्या, मी सही करतो. मी स्वतः पुसलं तर उद्या पुरावा नष्ट केला म्हणून माझ्यावरच येईल.’ बहुतेक वेळा पंचनाम्याचं नाव निघालं की विषय तिथंच थांबतो, कारण पंचनामा म्हणजे दोन पंच, कागद आणि वेळ.

जप्ती खरोखर होणार असेल तर तीन गोष्टी मागा. पंचनाम्यात कार्डाची कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांक. त्याची प्रत. आणि जप्तीचं चित्रीकरण, जे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये सांगितलेलं आहे. फक्त कार्ड द्या, बॉडी मागितली तर का हवी ते पंचनाम्यात लिहायला सांगा. पासवर्ड देण्याआधी वकिलाशी बोला.

जबरदस्तीने पुसलंच तर त्या कार्डावर पुढे एकही फ्रेम काढू नका. कार्ड बाहेर, कडेची कुलूपपट्टी खाली, डबीत. डिलीट केल्यावर, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत साधं फॉरमॅट केल्यावरही, मूळ माहिती कार्डावर राहते, फक्त तिची यादी जाते. नव्या फ्रेम त्यावर चढल्या की ती खरोखर जाते. कार्यालयात फाइल परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरने आधी कार्डाची पूर्ण प्रतिमा घ्या आणि शोध त्या प्रतिमेवर चालवा, कार्डावर नाही. कॅमेऱ्यातलं ‘प्रोटेक्ट’ बटण ‘डिलीट ऑल’ पासून वाचवतं. फॉरमॅटपासून वाचवत नाही.

> तपासा: आक्षेप खरा तर नाही ना? लैंगिक अत्याचाराची पीडिता किंवा कायद्याच्या प्रक्रियेतलं बालक ओळखू येईल असा फोटो छापणं गुन्हा आहे. ओळख परेड बाकी असलेल्या आरोपीचा चेहरा दाखवू नये. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. अशा वेळी अडवणारा बरोबर आहे, आणि ते तिथंच कबूल केलेलं बरं.

टप्पा ७: ठाण्यात नेलं

विचारा: ‘मला अटक आहे की चौकशीसाठी नेताय?’ उत्तर ऐकणारा साक्षीदार शेजारी असेल तर उत्तम. अटक असेल तर कारण सांगणं, नातेवाइकाला किंवा तुम्ही सांगाल त्याला कळवणं आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेणं बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. महिला छायाचित्रकाराची झडती महिलाच घेईल, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय तिला अटक होऊ नये. वकील नसेल तर विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक लक्षात ठेवा. कोऱ्या कागदावर सही नाही. मराठीत लिहिलेला जबाब पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीखालची मोकळी जागा रेघ मारून बंद करा, मग सही.

टप्पा ८: नंतरचे चोवीस तास

बाहेर पडताच लिहा: वेळ, चौक, छातीवरच्या पट्टीवरचं नाव, गाडीचा क्रमांक, वापरलेले शब्द जसेच्या तसे. रात्री आठवून लिहिलेलं टिपण वेगळं होतं.

मारहाण किंवा तोडफोड झाली असेल तर आधी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, मग तक्रार. तक्रारीत महाराष्ट्राच्या २०१७ च्या प्रसारमाध्यम व्यक्ती व संस्था संरक्षणाच्या अधिनियमाचा नावाने उल्लेख करा, नाहीतर नेहमीच्या किरकोळ कलमांवर भागवलं जातं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. खोट्या तक्रारीलाही त्यात शिक्षा आहे, तेव्हा ‘ढकललं’ असेल तर ‘मारलं’ लिहू नका. ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने उपायुक्तांकडे, आणि पोचपावती जपून.

जप्त झालेलं कार्ड आपोआप परत येत नाही. न्यायालयात अर्ज करून मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेली वस्तू, सुपूर्तनाम्यावर (ती परत ताब्यात घेताना लिहून दिलेल्या हमीपत्रावर) मागावा लागतो. अर्जासोबत पंचनाम्याची प्रत आणि नेमणुकीच्या पत्रावरची अनुक्रमांकांची यादी जोडा. सुपूर्तनाम्यात ‘मागाल तेव्हा हजर करीन’ अशी हमी लिहून दिलेली असते, म्हणून ते कार्ड खटला संपेपर्यंत पाकिटात बंद करून ठेवायचं. पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं नाही.